दार एकोणीस वेळा उघडलं

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. वय विचारू नका. दारावरचं कारखान्याचं नाव कधीच गळून पडलंय. ब्राझीलहून ट्रकमधून डोंगर ओलांडून मी कोचाबांबा शहरात आलो, तेव्हा गल्लीतली माणसं मला हात लावून बघायला येत. घरच्या मालकिणीने, दोन्या एउलोहियाने, माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. पुढे दाराचं रबर झिजलं, मी घरघरू लागलो, आणि रुमाल टीव्हीवर गेला. मी मात्र मोजत राहिलो: कोण काय ठेवतं, कोण काय गुपचूप खातं, दार कोण किती वेळ उघडं टाकतं.

माझं खरं काम वर्षातून एकदाच. ऑगस्टमध्ये देवमातेच्या सणाला नाचणारं पथक मिरवणुकीआधी या घरी सालतेन्या खातं. करंज्यांसारख्याच, पण भट्टीत भाजलेल्या. मांस, बटाटे, वाटाणे जनावराच्या पायांच्या चिकट रश्शात शिजवायचे, ते सारण माझ्या पोटात खरवसासारखं गोठवायचं, मग पारीत भरून मुरड घालायची. भट्टीत रस्सा पुन्हा पातळ होतो, पण आतच कोंडून राहतो. सारण कच्चं गोठलं तर पारी भिजते, फुटते, आणि रस्सा थेट कपड्यांवर. खाणारे तर पांढऱ्या जरीच्या झग्यांत, उभ्या उभ्या खातात.

यंदा दोन्या एउलोहियाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. सारण पहिल्यांदाच तिच्या मुलीने, नेलिदाने केलं. आत्या कासिल्दा सकाळीच बजावून गेली, की पाचपर्यंत गोठलं नाही तर पातेलं ती आपल्या नव्या, दोन दारांच्या फ्रिजात नेईल. सालतेन्या ज्या घरातून निघतात, पथक त्याच घरी खातं. पातेल्याबरोबर तीस वर्षांचा मानही जाणार, हे कळलं सगळ्यांना.

निवलेलं पातेलं नऊला माझ्या पोटात आलं. सव्वानऊला नेलिदाने दार उघडून बोट लावलं. पातळ. साडेनऊला पुन्हा. मी गारवा जमवायचो, ती दार उघडून सांडून टाकायची. बारापर्यंत अकरा वेळा, तीनपर्यंत एकोणीस. सारण अजून डुचमळत होतं. एकोणिसाव्या वेळी तिच्या उघड्या पावलांना थंडी झोंबली. तिने खाली पाहिलं. माझ्यातला सगळा गारवा फरशीवर ओघळत होता. तिने घाईने दार लोटलं.

तेवढ्यात कासिल्दा आली. पाचाची वाटही न बघता, पातेलं उचलायला दोन फडकी घेऊन.

"बघू तरी, पोरी. लपवतेस कशाला?"

"लपवत नाही, आत्या. सकाळपासून मीच बघत बसलेय, म्हणून ते गोठत नाहीये."

"फ्रिज म्हातारा, कारणं मात्र ताजी."

नेलिदाने स्टूल ओढलं आणि माझ्या दाराला पाठ लावून बसली. "पाचला उघडीन. तोवर आईलाही नाही."

आत्याला नाही म्हणण्याची तिची ती पहिलीच वेळ. टाचा फरशीत रोवून तिने पाठीचा सगळा भार माझ्यावर टाकला. मला ते दारातून कळत होतं.

"ऐकलंत ना, वन्सं," दोन्या एउलोहिया म्हणाली. "तोवर सालतेन्यांत घालायची अंडी सोला."

चारच्या सुमारास माझी मोटर थांबली. मित्रांनो, ती अधूनमधून दम खाते. पण स्वयंपाकघरातल्यांना वाटलं, मी संपलो. कासिल्दाने हातातलं अंडं खाली ठेवून फडकी उचलली. नेलिदाने डोळे मिटून पाठ आणखी घट्ट टेकवली. मी इतका जोर आयुष्यात कधी लावला नव्हता. घर्र झालं, आणि कासिल्दाने अंडं पुन्हा हातात घेतलं.

पाचला नेलिदाने दार उघडलं, चमचा सारणात रोवला आणि हात काढून घेतला. चमचा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पथक खाऊन नाचायला गेलं. एकाही झग्यावर डाग नव्हता. कासिल्दाने रेशमी शाल पांघरून एक सालतेन्या घेतली, टोक चावलं, आतला रस्सा ओढून घेतला, मग शाल नीट तपासली. समोरून, बाजूने, उलटी करूनही. शेवटी दुसरी उचलत म्हणाली, "मीठ थोडं कमी आहे."

नेलिदा हसली. मीठ कमीच होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं रबर लावा, मागची धूळ पुसा, एवढं मागणं आहेच. पण त्याहून मोठं एक आहे. काम सोपवलंत की दर घटकेला तपासायला येऊ नका. आम्ही आत, अंधारात, तुमच्यासाठीच झटत असतो.