हेडमास्तर बसून राहिले

माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. धाकटी म्हणायची, "ताई, तुझ्या तोंडाला कुलूप लावायचं तर लोहार परगावचा आणावा लागेल, इथल्या सगळ्यांची कुलपं तू तोडलीस." ती गेली त्या आठवड्यात मात्र मी मूग गिळून बसले.

आम्ही यहुदी. माणूस पुरून आलं की सख्ख्या नात्यानं सात दिवस बुटक्या स्टुलावर बसायचं, आरसे झाकायचे, गळ्याशी फाडलेला कपडा तसाच वागवायचा. भेटायला येणाऱ्यानं आधी बोलायचं नाही. बसलेलं माणूस बोललं, तरच त्यानं तोंड उघडायचं. धाकटीचा नवरा नि मुलगी तिच्याआधीच गेलेले. मागं राहिली तिची नात, पण नातीला ही बैठक लागू नाही. म्हणजे बसणारी मी एकटी.

धाकटी शाळेत बाई होती. मी शाळा सोडून शिवणयंत्रावर बसले म्हणून ती शिकली, हे मी तिला रोज ऐकवायचे. ती रोज "हो गं बाई" म्हणायची. पहिलीच्या पोरांसाठी तिनं वाचनाचं पुस्तक लिहिलं. वाक्य झालं की मला वाचायला लावायची. मी अडखळले की खोडायची.

"मी काय पहिलीतली आहे?"

"छे! ती पोरं तुझ्याहून बरी वाचतात. पण तुला जमलं तर कुठल्याही ढ पोराला जमेल."

अजून पाठ आहे मला. मांजर खिडकीत बसली. खिडकी बंद झाली. मांजर आत की बाहेर? मी म्हटलं, आत. ती म्हणाली, "ते पोरं ठरवतील."

मग वारं फिरलं. यहुदी बाई वर्गात नको, असं सरकारनं ठरवलं. हेडमास्तरांनी तिला मागच्या दारानं घालवलं, पुस्तक तेवढं ठेवून घेतलं आणि त्यावर स्वतःचं नाव छापलं. पुढं वारं उलटलं, तिला परत बोलावलं, नाव काही परत आलं नाही. तिनं एकदाच विचारलं. ते म्हणाले, "बाई, आता पोरांना माझंच नाव पाठ झालंय." घरी येऊन तिनं मला हे सांगितलं आणि भांडी घासायला बसली. मीच आठवडाभर शिव्या घातल्या.

आता तोच माणूस संस्थेचा अध्यक्ष, तरी लोक हेडमास्तरच म्हणतात. नात त्याच शाळेत शिकवते, नोकरी कच्ची. त्यांनी शेजारणीकडून निरोप धाडला: शाळेत बाईंची शोकसभा घेऊ, "आम्ही दोघांनी मिळून केलेल्या पुस्तकावर" हेडमास्तर बोलतील. बहिणीनं नुसतं बरं म्हणावं. नातीचंही त्याच दिवशी पक्कं करू.

दुपारी आले. काठी, कोट, मागं दोन मास्तर. तोंड उघडणार तोच शेजारीण म्हणाली, "साहेब, मावशी बोलल्याशिवाय नाही." ते मान डोलावून बसले. खुर्ची कुरकुरली. मी त्यांचे बूट बघत होते, चकचकीत, पुढं चिखलाचा एकच ठिपका.

नात स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला वाटलं, धाकटीनं पोरांसाठी अख्खं नाव गिळलं. मला या पोरीसाठी एक "बरं" म्हणता येऊ नये? माझा माज काय हिला दोन वेळा जेवायला घालणार आहे? मी श्वास घेतला. ते पुढं वाकले.

तेवढ्यात नात आली. तिनं स्वतःच्या गळ्याशी हात घातला, टर्रकन कपडा फाडला आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. गच्च. काय म्हणायचंय ते मला कळलं.

मी श्वास सोडून दिला.

हेडमास्तर खूप वेळ बसले. खोकले. आधी दोघे मास्तर उठून गेले, मग काठी शोधत तेही. दारात वळले, ओठ हलले, पण शेजारीण बघत होती.

पुढच्या सत्रात नातीला बोलावणं आलं नाही. पुस्तक त्याच नावानं चालू आहे. ती आता माझ्या यंत्रावर बसते. हात चांगला आहे तिचा, टीप सरळ येते. मला ते बघवत नाही, मी तोंड फिरवून बटणं लावते.

कोपऱ्यावरचा दुकानदार परवा म्हणाला, "मावशी, पोरीच्या भाकरीसाठी तरी एकदा तोंड आवरायचं होतंत."

"मेल्या," मी म्हटलं, "आवरलंच तर होतं."