'रिकामी' कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पण गाणी वाजवणारा नव्हे. दुकानातून निघालो तो थेट एका माहितीपटकाराच्या खांद्यावर बसलो आणि सत्तावीस वर्षं तिथेच राहिलो. माझे मालक चित्रपटांची परीक्षणंही लिहीत. त्यांच्या एका ओळीने भल्याभल्यांची झोप उडे. एखाद्या खाणकामगारासमोर मात्र ते निमूट बसून ऐकत. लोक कॅमेऱ्याचं कौतुक करत, माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटे.

मालकांची एक रीत होती. मुलाखत संपली, की ते खोलीचं नाव सांगत, सर्वांना मिनिटभर गप्प बसवत आणि नुसत्या खोलीचा आवाज मला टिपायला लावत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. बोलणं कापून जोडताना मधली भोकं त्याच शांततेने बुजवावी लागतात. त्या कॅसेटवर ते एकच शब्द लिहीत : 'रिकामी'. मुलाखतीतले स्वतःचे प्रश्न मात्र पुसून टाकत. भाषणांनाही त्यांनी कायम नकारच दिला.

मग ते गेले. वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. शोकसभेत त्यांचा आवाज ऐकवावा, अशी मालकीणबाईंची फार इच्छा होती. पुतण्याने आठवडाभर कॅसेट्स ऐकल्या.

"काकू, सगळ्यांचे आवाज आहेत. काकांचा तेवढा नाही."

"अरे, चाळीस वर्षं माझं डोकं खाल्लं त्या माणसाने! एक शब्द नाही?"

"नाही. दोन खोकी रिकाम्या कॅसेट्स होत्या, त्या कालच भंगारात दिल्या."

त्या रिकाम्या नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. पण मी सांगणार कसा? मला फक्त टिपलेलंच बोलता येतं.

मलाही देऊन टाकायचं ठरलं. धूळ पुसताना बाईंनी माझं झाकण उघडलं. आत एक कॅसेट होती.

"ही पण रिकामीच," पुतण्या म्हणाला.

"असू दे," म्हणत बाईंनी बटण दाबलं.

"आमच्या घरातली बाहेरची खोली. मिनिटभर कुणी बोलू नका." मालकांचा आवाज! तोच फितीवर आतल्या खोलीतून बाईंचाही आवाज आला, "अहो, जेवताय ना?"

"बघ, बोललीस! आता पुन्हा पहिल्यापासून." मालक हसले. मग मिनिटभर फक्त ती खोली आणि त्यांचा श्वास.

पुतण्या धावत भंगारवाल्याकडे गेला आणि हात हलवत परत आला.

बाईंनी ती कॅसेट सभेत ऐकवली नाही. रोज दुपारी त्या एकट्या माझ्यासमोर बसतात. फीत झिजत चालली आहे, हे मला कळतं. त्यांनाही कळत असावं, कारण हल्ली त्या एकदाच लावतात.

मित्रांनो, एखादी वस्तू रिकामी म्हणून टाकण्याआधी जरा कान लावा. आणि तुमच्या घरात कुणी फार बडबड करत असेल, तर आजच त्यांचं बोलणं टिपून ठेवा. आमच्या बाई आता रोज मिनिटभर अगदी गप्प बसतात, पण त्यांना पुन्हा पहिल्यापासून करायला सांगणारं कुणी नाही.