दोरा लोंबत होता

जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती मुद्रितं तपासत बसली होती, आणि दुसऱ्या टोकाला तिचे बाबा एकच वाक्य पाचव्यांदा म्हणत होते.

“गाडी आली, साहेब.”

वय बहात्तर, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात जुन्या सवयीने टाकलेली मोजपट्टी. दुपारी शूटिंग होतं. भूमिका वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या म्हाताऱ्या कारकुनाची. मालक कचेरी विकून कायमचा निघालाय, आणि कारकुनाने त्याला एवढंच सांगायचंय की गाडी आली. बाबांनी ते रडून म्हणून पाहिलं, हुंदका गिळून म्हणून पाहिलं, भिंतीला टेकून, छातीवर हात ठेवून.

“तिसऱ्या वेळी गाडी आली नाही, पंक्चर झाली असं वाटलं,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

“तू गप गं. पोरीला विचारतोय मी. ती शिकलेली आहे. बोल, पाचांतलं कुठलं?”

“पाचही ठीक आहेत,” तिने मान वर न करता सांगितलं.

“ठीक! तीस वर्षं पडद्यावर घासतोय, पण ‘ठीक’च्या पुढे हिची जीभ काही सरकत नाही. एकदा हिच्या तोंडून ‘छान’ काढीन आणि मगच निवृत्त होईन.”

“म्हणजे तुम्ही कधीच निवृत्त होणार नाही,” आई म्हणाली.

ती हसली. ओळ हरवू नये म्हणून तिने कागदावर बोट टेकवलं होतं. तसंच टेकवून ती म्हणाली, “बाबा, चहा गार होतोय.” आणि मग जरा उशिराने वर बघितलं.

बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते.

“पुन्हा म्हण.”

“काय?”

“ते चहाचं.”

“चहा गार होतोय.”

“छे! गेलं ते. आता तू अभिनय केलास.” त्यांनी गार चहा एका घोटात संपवला आणि शीळ घालत बूट घालायला गेले.

संध्याकाळी परत आले ते पोटात गुपित ठेवलेल्या पोरासारखे. कसं झालं म्हणून आईने विचारलं, तर म्हणाले, “सांगणार नाही. पडद्यावर बघा. आणि ही ‘ठीक’ म्हणाली तर बघाच!”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पलंगाच्या कडेवर बसलेले सापडले, उशीला टेकलेले. एक मोजा पायात होता, दुसरा हातात.

नंतर समाचाराला आलेले लोक गंभीर चेहऱ्याने येत आणि हसत जात, कारण बाबांची आठवण काढायची म्हणजे फाटकाची गोष्ट सांगावीच लागे. तिने ती इतक्यांदा ऐकली होती की कुठे स्वल्पविराम येतो हेही तिला पाठ होतं.

बाबा मूळचे एका लहान गावातले शिंपी, गावाचे मास्तर. गावात एकच थिएटर. मालकाच्या विजारी फुकट अल्टर करायच्या आणि बदल्यात प्रत्येक चित्रपट फुकट बघायचा, असा मास्तरांचा करार. बाकीच्यांना खुनी कोण ते शेवटी कळे, मास्तरांना पहिल्या पाच मिनिटांत. खुन्याच्या कोटाला आतून एक खिसा जास्त असे. बघता बघता त्यांच्या डोक्यात शिरलं की ही माणसं कपड्यांत नुसती उभी राहतात, वावरत नाहीत. हे काम आपण बरं करू. वय एकोणचाळीस, बायको, नऊ वर्षांची मुलगी, चालतं दुकान, आणि हे खूळ!

थोरल्या भावाने ऐकलं आणि भर चौकात विचारलं, “पडद्यावर निघालास? अरे, पडदे शिवायला जा, तेवढं तरी जमेल!” सगळी गल्ली हसली. मास्तरही हसले, कात्री भावाच्या हवाली केली, सुई आणि दोऱ्याचं रीळ खिशात टाकलं आणि गेले.

स्टुडिओच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. “रोज पन्नास येतात. सगळेच हिरो!”

“मी हिरो नाही. तुमच्या बाह्या लांब आहेत.”

“काय?”

“बाह्या. सलाम ठोकता तेव्हा बोटंच दिसत नाहीत. साहेबांना वाटत असेल, कोट हलतोय. काढा तो.”

पाऊण तासाने पहारेकऱ्याने कोट घातला, पहिल्यांदाच स्वतःची बोटं दिसेल असा सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. ते मास्तरांसाठी जन्मभर उघडंच राहिलं.

आत दोन वर्षं गर्दीत उभं राहण्यात गेली. तिथेही बोलणी खावी लागत. “ए टकल्या, नायिकेचा चेहरा बघ, पदर काय बघतोस!” त्यांना पदराची दुमड चुकलेली सहन होत नसे. मग एक दिवस तो प्रसंग आला. नायकाला बेड्या घालून नेतायत, नोकरचाकर रांगेत उभे आहेत, कॅमेरा चालू आहे. नायक मास्तरांच्या समोरून जाताना त्यांना त्याच्या बाहीच्या बटणाखाली दोरा लोंबताना दिसला. आता शिंप्याला लोंबता दोरा दिसला की पुढचं त्याच्या हातात राहत नाही. मास्तर रांगेतून पुढे झाले, नायकाचा हात धरला, वाकले आणि दोरा दातांनी तोडला.

“कट! हे तुला कोणी करायला सांगितलं?” दिग्दर्शक ओरडला.

“कोणी नाही साहेब. दोरा लोंबत होता.”

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. म्हणाला, पुन्हा कर. पण पुन्हा करायचं तर दोरा हवा! मग मास्तरांनी खिशातलं रीळ काढलं आणि दर वेळी नवा दोरा टाचून, दर वेळी तो तोडून, अकरा वेळा तो प्रसंग झाला. पडद्यावर पाहणाऱ्यांना दिसला तो मालकाला तुरुंगात पाठवतानाही नीटनेटका पाठवणारा जुना नोकर. लोक ढसाढसा रडले. तेव्हापासून मास्तरांचे झाले बटणकाका, आणि नोकर, ड्रायव्हर, हवालदार, कारकून अशा शंभरावर भूमिका त्यांच्या अंगावर बेतल्यासारख्या बसल्या.

लोक ही गोष्ट इथे संपवत. पुढचं तिला एकटीलाच माहीत होतं.

तो चित्रपट बघायला सगळे गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती. बाबा दिसताच आई उभी राहून ओरडली, “आले! आले!” पुढच्या रांगेत तिच्या वर्गातली मुलगी होती. तिने मागे वळून विचारलं, “कोण गं ते?” ती खुर्चीत घसरत हनुवटीपर्यंत खाली गेली आणि म्हणाली, “माहीत नाही.”

बाबा शेजारीच बसले होते. ऐकलं की नाही, कोण जाणे. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “कसं झालं?” ती म्हणाली, “ठीक.”

पुढच्या आठवड्यात शाळा बुडवून ती तोच चित्रपट एकटी बघून आली. मग पुन्हा एकदा, आणि पुन्हा. तिन्ही वेळा दोरा तुटला तसे तिने बाहीने डोळे पुसले. घरी मात्र त्यातलं एक अक्षर बोलली नाही. मोठेपणी मुद्रितं तपासण्याचा धंदा पत्करला, तोही असा की चुकलेल्यावर खूण करायची आणि बरोबर असेल त्यावरून गुपचूप पुढे जायचं. त्याची सवय घरातही लागली, असं ती स्वतःला समजावत असे. पण बारा वर्षांची असताना ती कुठे मुद्रितं तपासत होती?

आठ महिन्यांनी बाबांचा शेवटचा चित्रपट लागला. दुपारच्या खेळाला मायलेकी गेल्या. वर्तमानपत्राची कचेरी पडद्यावर आली तशी आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. बाबा दिसले. आई ‘आले! आले!’ म्हणून ओरडली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

कारकून टेबलाशी बसून रजिस्टर तपासत होता. मालक दारात येऊन उभा राहिला. कारकुनाने ओळीवर बोट टेकवलं आणि मान वर न करता, घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, “गाडी आली, साहेब.” मालक क्षणभर थांबला, वळला, चालू लागला. आणि तेव्हा, जरा उशिराने, कारकुनाने वर बघितलं. दारात कोणी नव्हतं. बोट अजून ओळीवरच होतं.

“अगं,” आई कुजबुजली, “हे तर तुझं…”

तिला कळलं होतं. ती उठून उभी राहिली.

“ओ ताई, बसा ना खाली!” मागून कोणीतरी म्हणालं. “तो कारकून कोण लागतो तुमचा?”

“माझे बाबा आहेत,” ती मोठ्याने म्हणाली. मग पडद्याकडे वळली. “बाबा, छान केलंत. त्या दोऱ्याच्या वेळीसुद्धा.”