परत आलेला 'दान'

मित्रांनो, मला एकट्याला आजवर कुणी पाहिलेलं नाही. मी एक प्रत्यय आहे, किरगिझ भाषेतला जुना 'दान'. तुमच्याकडे दान म्हणजे देणं. माझा अर्थ मात्र 'कडून', 'मधून'. ज्या शब्दामागे जातो, त्याच्या सुरात सूर मिसळतो. 'कोल' म्हणजे हात. त्याच्यामागे मी मुकाट 'दोन' होतो. घोडेस्वारांच्या तोंडून मी डोंगर ओलांडले, तान्ह्या पोरांच्या तोंडी बोबडा झालो. आभार कुणी मानले नाहीत. शाळेतली पोरं तर मला पाठ करताना जांभया देतात.

नारिनच्या डोंगरात बुरमाकान आजीच्या तोंडी मी सुखात होतो. तिचं बोलणं कसं खणखणीत! पण एका हिवाळ्यात तिच्या अंगावरून वारं गेलं आणि जीभ जड झाली. पुढे शब्द परतले, पण बोडके. आम्ही प्रत्यय सगळे गळून पडलो होतो.

तिच्या नवऱ्याचा पुतण्या सागिन तिचा करडा घोडा 'सांभाळायला' म्हणून घेऊन गेला. आजी रोज म्हणे, "घोडा... सागिन... घोडा."

"ऐकलंत?" सागिन सगळ्यांना सांगे. "घोडा सागिनला! काकूनं आपल्या तोंडानं दिला. रविवारी बाजारात नेतो."

हे ऐकून आजी नुसती रडे. सून आयसुलूनं ओळखलं, की हा 'ला' आजीचा नव्हे, सागिनच्या पदरचा. पण सागिन तिचा थोरला दीर. आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. मग त्या नावाला न शिवता तिनं आजीला माझी ओळख करून द्यायला घेतली. ती पाव तोडी. पाव म्हणजे नान.

"आपा, तुकडा कशातून काढला?" ती विचारी. आपा म्हणजे आई.

"नान..."

"आणि पुढे?"

"नान... दान."

पावातून, पाण्यातून, पिशवीतून. मी पडत होतो, पुन्हा उठत होतो.

सागिन दारातून हसला. "काय सूनबाई, म्हातारीला पाळण्यात घातलंत वाटतं?"

"पाळण्यातलं पोरही एक दिवस बोलतं, भावजी."

रविवारी सकाळी आयसुलूनं गावातल्या पांढऱ्या दाढ्या, म्हणजे निवाडा करणारे म्हातारे, घरी बोलावले. सागिन लगाम हातात धरूनच आला. त्यांतल्या सर्वांत थोरल्यानं विचारलं, "बुरमाकान, घोडा सागिनला ना?"

"असं नका विचारू, आबा," आयसुलू मधेच म्हणाली. "घोड्याचं काय करायचं, ते विचारा."

म्हाताऱ्यानं तसं विचारलं.

"सागिन..." आजी म्हणाली आणि अडली. सागिन गालात हसला. मी जिभेच्या टोकाशी आलो आणि घसरलो. आजीनं उशीत मूठ रोवली.

"सागिनदान!" ती गरजली. "सागिनदान आतिमदी अलगिला!"

सागिनकडून माझा घोडा घ्या! मला आयसुलूनं बोलावून आणलं होतं. पण 'आतिमदी'तला तो 'इम', म्हणजे 'माझा', कुणीच शिकवला नव्हता. तो आपल्या पायांनी आला!

"लगाम सोड रे," म्हातारा सागिनला म्हणाला. "एवढं स्वच्छ तर तूही बोलत नाहीस."

घर हास्यानं दणाणलं. आयसुलू रडत रडत आमच्याकडचा मीठ घातलेला चहा ओतू लागली. आजीनं एक घोट घेतला आणि मीठ कमी पडल्याचं पूर्ण वाक्यात सुनावलं.

मित्रांनो, तुमच्या भाषेतही माझे भाऊबंद राबतात. त्यांना घाईत गिळू नका. आणि एखाद्या थकल्या जिवाचा शब्द अर्धा राहिला, तर त्याला आपल्या सोयीचं शेपूट लावू नका. जरा थांबा. तो स्वतः लावील.