चार ठिपके

यरुशलेमच्या त्या लेखनशाळेत पेलात्याला एकच काम होतं. बाकीचे लेखक नव्या चौकोनी अक्षरांत पवित्र शास्त्र उतरवत आणि देवाच्या नावापुरती जागा कोरी सोडत. नाव मात्र वाडवडिलांच्या जुन्या अक्षरांतच लिहायचं, असा तिथला रिवाज. ती अक्षरं आता एकट्या पेलात्याला येत होती. त्याची पन्नाशी उलटल्यावर बायकोने, शेलोमितने, खापरांवर गिरवून घेऊन शिकवलेली. पुढे शेलोमित वारली. नवी अक्षरं शिकायचं त्याने टाळलं. डोळ्यांचं निमित्त सांगितलं.

त्या दिवशी बूजी या तरुण लेखकाने आपण लिहिलेलं कातडं पेलात्यापुढे पसरलं आणि तो जेवायला निघाला.

"काका, मी आलो की बोट ठेवून दाखवतो. मग लिहा."

"बोट कशाला? कोरी जागा मला दिसत नाही होय?"

"दिसते हो. वाचता येत नाही ना!" बूजी हसत गेला.

पेलात्याला ते झोंबलं. त्याने नाव लिहिण्याआधीची अंघोळ केली, बोरू घेतला आणि दिसली ती प्रत्येक कोरी जागा भरली.

बूजी परत आला, वाकला आणि त्याचं हसू मावळलं. "काका, हे इथं काय केलंत? इथं कातडं पातळ आहे. शाई फुटेल म्हणून मी जागा सोडली होती. इथं नाव नव्हतंच."

"मग खरवडून..." पेलात्या म्हणाला खरा, पण एकदा लिहिलेलं नाव खरवडायची मुभा कोणालाच नव्हती.

मुख्य लेखक यद्दूआ आला. त्याने वाकून ती जागा पाहिली. "हे कातडं जमिनीत पुरावं लागेल. नाव असलेलं फेकता येत नाही," तो म्हणाला.

"मी नवी अक्षरं शिकतो. म्हातारपणी एकदा शिकलोच आहे की."

"आणि तुमच्यामागे ही जुनी अक्षरं कोण लिहिणार, काका? या बूजीला शिक म्हटलं, तर जुन्या अक्षरांना कावळ्याची पावलं म्हणतो."

"नावातली सोडून बाकीच्यांना," बूजी पुटपुटला.

"उद्यापासून नावाच्या जागी चार ठिपके द्यायचे," यद्दूआ म्हणाला. "चार अक्षरांचे चार. वाचणाऱ्याला कळतं."

"मग ठिपके मी देतो."

यद्दूआने नजर चुकवली. "ते ज्याचे त्याला देता येतील. तुम्ही भाकरीला येत जा. हाकललेलं नाही कोणी तुम्हाला."

पेलात्या अंगणात येऊन बसला. निदान शेलोमितचं नाव तरी धुळीत लिहावं, म्हणून त्याने बोट टेकलं. पहिलं अक्षर आठवेना. दुसरंही नाही. इतकी वर्षं एकच नाव लिहिता लिहिता बाकीची अक्षरं कधी गळून गेली, त्याला कळलंही नव्हतं. बोट आपोआप देवाच्या नावाच्या वळणाकडे वळलं, तसं त्याने ते झटकन उचललं. इथून माणसं जातात, शेळ्या जातात. ते नाव पायदळी यायला नको.

दुसरं काही त्याला लिहिता येत नव्हतं.