उलटे ठेवलेले स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड आठवणींची अपेक्षा असेल तर दुसरीकडे बघा. माझ्या मागच्या पायातून एक खिळा बाहेर आला आहे आणि माझा स्वभावही त्याच्यासारखाच झाला आहे.

पाण्याचे पंप जोडणाऱ्या एका कारखान्यात, खोक्यांच्या फळ्या ठोकून सुताराने मला जेवणाच्या सुट्टीत तयार केले. वीस वर्षे जोडारी माझ्यावर बसले, चढले, त्यांनी बोल्ट आवळायचे पाने माझ्यावर आपटले. कौतुक एकदाच झाले. मालक म्हणाले, "मोडत नाही हे."

बसायला देणे हे माझे खरे काम नव्हतेच. सकाळपाळीला दाजी असत आणि दुपारपाळीला त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सगळा कारखाना त्यांना दाजीच म्हणे. दोघांच्या घरांमधली भिंत कोणाच्या जागेत आहे, यावरून त्यांचे बोलणे बंद झाले, त्याला नऊ वर्षे झाली होती. समोरासमोर आले की दोघेही छताकडे बघत. पण पंप अर्धवट राहिला, तर जाणारा मला त्याच्यासमोर उलटे ठेवून जाई. चार पाय वर. येणाऱ्याला कळे, की आधी सगळे बोल्ट आवळायचे, मगच चाचणी. नऊ वर्षांत एकही निरोप चुकला नाही.

मग सल्लागार आला. उत्पादन वाढवायचे आणि माणसांमध्ये एकोपा आणायचा, असे त्याचे काम होते. त्याने जमिनीवर पिवळ्या रेषा मारल्या. रेषेत मी उलटे पडलेले दिसले, तेव्हा हे कशासाठी, असे त्याने विचारले. कोणी उत्तर दिले नाही. घरचे भांडण परक्याला कोण सांगणार? त्याने माझ्यावर लाल चिठ्ठी चिकटवली : "अनावश्यक". तीस दिवस कोपऱ्यात, मग भंगारात. मला नेताना त्याची इस्त्रीची पँट माझ्या खिळ्याला अडकून टरकन फाटली. त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

एकोप्यासाठी पाळी बदलताना सगळ्यांनी गोल उभे राहून सहकाऱ्याचा एक गुण सांगायचा, असे ठरले. दाजी छताला म्हणाले, "हा वेळेवर घरी जातो." मेहुणा म्हणाला, "हे माझ्या आधी जातात, तोच गुण." सल्लागाराने दोन्ही उत्तरे खुशीत टिपून घेतली.

सतराव्या दिवशी दाजींनी एका पंपाच्या झाकणाचे आठांपैकी दोनच बोल्ट आवळले, तेवढ्यात भोंगा झाला. भोंगा झाला की पाना खाली ठेवायचा, असा नवा नियम होता. नव्या तक्त्यात फक्त पूर्ण झालेल्या पंपांसाठी रकाना होता. दाजींनी कोपऱ्यात माझ्याकडे पाहिले. मेहुणा सहा पावलांवर हातमोजे चढवत होता. दाजींनी तोंड उघडले, मिटले आणि डबा उचलून ते निघून गेले.

मेहुण्याने पंप चाचणीला लावला. पाण्याच्या दाबाने झाकण उडाले आणि त्याचे मनगट मोडले.

दुसऱ्या दिवशी सल्लागाराने त्याच्यापुढे कागद ठेवला. चाचणीआधी आपण तपासणी केली नाही, असे त्यात लिहिले होते. सही केली की नोकरी गेली. मालक शेजारी उभे होते. मेहुण्याने डाव्या हातात पेन घेतले.

"सही करू नकोस," दाजी म्हणाले. "बोल्ट मी सैल सोडले होते. सांगायला हवं होतं."

"भिंतीपलीकडून ओरडला असतात तरी चाललं असतं, दाजी," मेहुणा म्हणाला.

मग इतकी वर्षे एकमेकांना कसे कळवत होता, असे मालकांनी विचारले. दोघांनी एकमेकांकडे न बघता कोपऱ्याकडे बोट दाखवले.

मालकांनी कागद फाडला. सल्लागाराने वहीत "संवादाचा अभाव" असे लिहिले आणि वही मिटली.

मी पंप जोडायच्या टेबलापाशी परत आले. भिंत तशीच आहे, अबोलाही तसाच आहे. मनगट बरे झाल्यावर मेहुण्याने पहिल्याच दिवशी मला उलटे ठेवले. लाल चिठ्ठी मात्र कोणी काढलेली नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाच्या जागेतली वस्तू टाकण्याआधी तिच्याविषयी विचारा. उत्तर मिळाले नाही, तर ती निरुपयोगी आहे असे समजू नका. दोन दिवस तिथेच थांबून बघा. एवढाही वेळ नसेल, तर खुशाल मला उचलायला या. खिळा अजून तिथेच आहे.