खंडेनवमीच्या पाटावरून

"उचलायचं जॅकनं, धरायचं ठोकळ्यानं. ठोकळा बसल्याबिगर गाडीखाली डोकं घालायचं न्हाई. आन् ज्याला हे काम देशील, त्याच्या हातात आधी ठोकळा द्यायचा, मग पाना. दे वचन."

मित्रांनो, हा आवाज बिराप्पा हवालदारांचा. ते जतकडचे. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या पुढ्यात ओल्या हातांनी उभा असलेला जवान म्हणजे माझे मालक, मेढ्याचे सयाजी. त्यांनी वचन दिलं तेव्हा मी दोघांच्या मध्ये जमिनीवर उभा होतो. म्हणून मी त्या वचनाचा साक्षी आहे, आणि साक्षीदाराला गप्प बसता येत नाही.

मी एक जुना जॅक आहे. हातानं दांडा फिरवायचा, आटे असलेला, बसका, जड. माझा जन्म कुठल्या कारखान्यातला, ते मला आठवत नाही. भट्टीची धग आणि माझ्या अंगावर आटे पडत होते तेव्हाची कळ, एवढंच आठवतं. मग हिरवा रंग लागला आणि मी ट्रकांखाली उभा राहू लागलो. एकाहत्तरच्या लढाईत चिखलात रुतलेल्या गाड्या मी उचलल्या. माझा एक गुण आहे आणि एक अवगुण. अवगुण असा की मी फार सावकाश चढतो. गुण असा की चढलो तिथून आपणहून उतरत नाही.

पुढं मी मोडीत निघालो. बिराप्पांनी मला लिलावात घेतलं आणि सयाजी पेन्शनवर घरी निघाले तेव्हा त्यांच्या ट्रंकेशेजारी ठेवलं. सोबत बाभळीचे दोन ठोकळे दिले, तेलानं काळे झालेले, कोपरे गोलावलेले. ते माझे सोबती.

मेढ्याला सयाजींच्या घरामागं परडं आहे, डोंगराच्या उताराचं. त्या उताराचा फायदा घेऊन त्यांनी घरच्या घरी गाडी उचलायची सोय केली. दोन लोखंडी पट्ट्या, वरच्या अंगाला बिजागरीत अडकवलेल्या. गाडी त्यांच्यावर चढवायची आणि खालच्या अंगाच्या आडव्या कांबीखाली जॅक लावून ते टोक उचलायचं. मग दोन्ही बाजूंना ठोकळे सारायचे आणि पाठीवर सरकत खाली जायचं. गाडी पट्ट्यांवर चढली की जराशी डुलायची, म्हणून गावानं त्याला 'पाळणा' नाव ठेवलं. महाबळेश्वरच्या घाटात दमलेल्या टॅक्स्या त्या पाळण्यावर यायच्या. मला तेव्हा सुख होतं, खोटं कशाला बोलू?

सयाजींच्या मंडळी लीलाबाई. आवाज असा मऊ, की तुळशीला पाणी घालताना पाण्याचाच आवाज जास्त यावा. पहाटे अंघोळ, तुळस, दिवा, आणि मग हळदीकुंकवाची कोयरी घेऊन त्या परड्यात यायच्या. दोन्ही ठोकळ्यांना बोट लावायच्या. मला नाही लावायच्या. एकदा सयाजींनी विचारलं, "आगं, लाकडाला कशापाय कुंकू?"

"तुमच्या छातीवर काय पडू देत न्हाईत, म्हणून," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. तो नेम एक दिवस चुकला नाही.

भादव्यात साताऱ्याचे लालासाहेब आले. त्यांच्या दोन टॅक्स्या, आणि सयाजींशी जुनी दोस्ती. पाळणा बघून त्यांनी आपल्या घरामागंही तसाच करून घेतला होता. आता प्रश्न होता, त्याच्याखाली जॅक कुठला लावायचा. त्यांनी डिकीतून एक तेलाचा जॅक काढला. लालभडक, नवा, कागदात गुंडाळलेला.

"दोघांची शर्यत लाव," लालासाहेब म्हणाले.

पहिला मी लागलो. सयाजी दांडा फिरवत राहिले. कपाळाचा घाम माझ्या डोक्यावर टपकला. लालासाहेब दगडावर बसून पाय हलवत होते. "गड्या, तुझा हा म्हातारा गाडी उचलतोय का सत्यनारायण सांगतोय? अध्याय संपंना त्येचा!"

मग तो लाल जॅक लागला. दांडी दहा वेळा दाबली आणि पाळणा वर. सयाजी हसले. मी पाहिलं, त्यांना तो आवडला.

लीलाबाई तेव्हा कोयरी घेऊन आल्या होत्या. पाळण्याशेजारी शेडचा खांब आहे. पट्टी जिथवर चढली होती त्या उंचीला त्यांनी खांबावर कुंकवाच्या बोटानं एक रेघ ओढली. का, ते कुणाला सांगितलं नाही. पुरुषमाणसं चहाला आत गेली. बोलण्यात तास गेला. मी एकटा तिथं होतो. लाल जॅकच्या बुडाशी तेलाचा एक थेंब फुगला, गळला, मातीनं पिऊन टाकला. मग दुसरा. आवाज काही नाही. मित्रांनो, जे आवाज न करता खाली येतं, त्याची मला तेव्हापासून भीती आहे.

माणसं परत आली तेव्हा पट्टी रेघेच्या खाली दोन बोटं उतरली होती.

"आवं," लीलाबाई म्हणाल्या, "हे खाली येतंय."

"वयनी, दिव्यातलंबी तेल कमी हुतंय," लालासाहेब म्हणाले, "म्हणून तुमी देव बदलता का?"

सयाजी म्हणाले, "ठोकळं असल्यावर काय भ्या न्हाई. उचलायला ह्यो, धरायला त्ये. लालासाहेब, तुमच्या पाळण्याला ठोकळं मी करून देतो. दसऱ्याच्या आत. त्याबिगर तुमच्या गुंडाला खाली घालू नका."

गुंडा म्हणजे लालासाहेबांचा ड्रायव्हर. नुकतं लग्न झालेला, हसरा. "दिला शब्द?" लालासाहेबांनी विचारलं. "दिला," सयाजी म्हणाले.

लाकूड मिळालं, पण ओलं होतं. वाळायला टाकलं ते टाकलंच. आणि सयाजींनीही तसलाच एक तेलाचा जॅक आणायचा बेत केला. तोवर पाळण्यावर काम आलं नाही आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर कोळ्यानं जाळं विणलं. मला हेवा वाटला, हेही कबूल करतो.

नवरात्र बसलं. लीलाबाई नऊ दिवस उपास करायच्या आणि दुपारच्या आरतीपर्यंत मौन पाळायच्या. खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी घरातली सगळी हत्यारं धुतली. पाने, हातोडा, कोयता, आणि जाळं झटकून मलाही. पडवीत पाट मांडला. मला झेंडूची माळ घातली. आणि माझ्या दोन्ही बाजूंना ते दोन ठोकळे ठेवले.

"ठोकळं कशाला गं?" सयाजी म्हणाले. "त्ये का हत्यार हाय?"

मौनामुळं त्या बोलल्या नाहीत. नुसते ठोकळ्यांना हात जोडले. सयाजी हसले आणि त्यांनीही नमस्कार केला. तुम्हांला ठाऊकच आहे, खंडेनवमीला पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय उचलायचं नसतं. पहिल्यांदाच माझा मान झाला होता. आणि तोच मान मला नकोसा व्हायचा होता.

साडेदहाला लालासाहेबांची गाडी दारात थांबली. सायलेन्सर खडखडत होता.

"सयाजीराव, उद्या पार्टी महाबळेश्वरला न्यायचीय. दोन बोल्टांचं काम हाय."

"आज हत्यार उचलायचं न्हाई."

"तुझी न्हाई उचलायची! माझी पूजा उद्या हाय. पानं माझं, जॅक माझा. तू फकस्त हात लाव."

"आन् ठोकळं?" सयाजींनी पाटाकडं पाहिलं. फुलांत बसलेले ठोकळे. "त्ये पूजेत हायती."

"पाच मिन्टं, गड्या. पाच मिन्टांनी काय हुतंय?"

सयाजी घुटमळले. त्यांची नजर माझ्यावरून फिरली. मला जीभ असती तर, मित्रांनो! एका बाजूला देवाचं मोडायचं, दुसऱ्या बाजूला हवालदारांचं. त्यांनी देवाचं राखलं, लाल जॅकनं पाळणा भादव्यातल्याइतकाच वर घेतला आणि चप्पल काढून त्याच्याखाली सरकले.

पडवीतून परडं सरळ दिसतं. लाल जॅक उन्हात चमकत होता. आतून हातोडीचे ठोके येत होते. लालासाहेब बाहेर उभे राहून घाटातल्या गर्दीचं काहीबाही सांगत होते. लीलाबाई आरतीचं ताट घेऊन पडवीत आल्या. सवयीनं त्यांची नजर खांबावर गेली. भादव्यातली रेघ अजून तिथं होती, फिकी पडलेली. पट्टी रेघेच्या खाली चार बोटं होती.

त्यांनी टाळी वाजवली. ठोक्यांत विरून गेली. ताटावर पळी आपटली. लालासाहेब आरती झाली समजून तिथूनच हात जोडून मोकळे झाले. पाच बोटं.

मग त्यांनी ताट खाली ठेवलं आणि माझ्या उजव्या हाताचा ठोकळा उचलला. झेंडू सांडले. त्या धावल्या, आणि धावताना ओरडल्या, "सयाजी!"

लग्न होऊन अकरा वर्षं झाली. ते नाव त्यांनी उखाण्यात तेवढं घेतलं होतं. हातोडी थांबली. सयाजी दचकून बाहेर सरकू लागले. लीलाबाईंनी ठोकळा कांबीखाली सारला, आणि त्याच क्षणी लाल जॅकमधलं उरलंसुरलं तेल चिळकांडी होऊन उडालं.

एक बाजू ठोकळ्यावर थांबली. दुसऱ्या बाजूला ठोकळा नव्हता. ती बाजू कलंडत खाली आली आणि सयाजींचा डावा पाय नडगीवर धरून बसली. छाती बाहेर आली होती. पाय राहिला होता.

लालासाहेब लाल जॅकची दांडी दाबत राहिले. तो नुसता फुसफुसत होता. लीलाबाई पुन्हा पाटाकडं आल्या. या वेळी मला आणि दुसऱ्या ठोकळ्याला उचललं. माझं ओझं त्या बाईला कसं पेललं, देव जाणे. मला कांबीखाली उभं केलं. मग लालासाहेबांच्या हातात दांडा फिरू लागला. एक आटा. दुसरा आटा. मी माझ्या सावकाशपणाला तेव्हा किती शिव्या घातल्या! सयाजी दात आवळून म्हणत होते, "फिरवा... म्हातारा सोडायचा न्हाई... फिरवा." आणि मी सोडलं नाही. दुसरा ठोकळा बसला तेव्हा पाय सुटला.

सरकारी दवाखान्यात पायाला प्लॅस्टर घातलं. सयाजींना घरी सोडून जाताना सायलेन्सर वाजत नाही हे बघून लालासाहेब म्हणाले, "वॉशर गेला आसंल. आज सातारला बदलून घेतो. उद्या दुपारी गुंडाला माझ्याच पाळण्यावर दुसऱ्या गाडीला ग्रीस मारायला सांगतो, दसऱ्याची गाडी खालनंबी साफ पायजे." लाल जॅक डिकीत गेला.

मित्रांनो, आज दसरा आहे. मला आणि ठोकळ्यांना पुन्हा पाटावर बसवलंय. माझ्या आट्यांत वाळलेलं रक्त आहे, ते धुताना राहून गेलं. सयाजी खाटेवर पडून आढ्याकडं बघतायत.

"दसऱ्याच्या आत देतो म्हणलो हुतो," ते मघाशी म्हणाले. "हवालदारालाबी शब्द दिलावता. लाकूड वाळलंच न्हाई बघ. पाय बरा झाला की नेऊ."

लीलाबाईंनी पाटावरच्या ठोकळ्यांकडं पाहिलं.

मी माणसांना शहाणपण शिकवावं एवढा मोठा नाही. पण जॅक निवडताना तो किती झटकन चढतो ते सगळेच बघतात. तास गेल्यावर तो कुठं असतो, तेही बघत जा. आणि जे ओझं पेलतं त्याला हळदीकुंकू जरूर लावा, पण ते कामाच्या जागेवरून हलवू नका.

ऊन अंगणात आलंय. आपट्याची पानं घेऊन गावातले पुरुष तिसऱ्या प्रहरी सीमोल्लंघनाला निघतील. लीलाबाईंनी त्याआधीच पूजा उतरवली. मला तसंच राहू दिलं. दोन्ही ठोकळे पुसले, आजचं कुंकू लावलं आणि जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधले. एस.टी.नं एकटीनं त्या कधी साताऱ्याला गेल्या नाहीत. खाटेजवळ पाण्याचा तांब्या ठेवला. दिव्याची वात पुढं सारली.

"कुठं निघालीस गं?" सयाजींनी विचारलं.

"दुपारच्या आत पोचाया हवं," त्या म्हणाल्या, आणि गाठोडं डोक्यावर घेऊन, दाराचा आवाज होऊ न देता, उंबरा ओलांडून गेल्या.